परगावचा कॅफे, एकच कप आणि आपण दिलेले तारे

पायपीट | सोमवार, रात्री १०:४०

कामामुळे महिन्यातले दहा-बारा दिवस मी बाहेरगावी असते. साखळीवाल्या कॅफेंत शक्यतो जात नाही. तिथली कॉफी वाईटच असते असं नाही, पण ती सगळीकडे तीच असते. परगावी जाऊनही तेच प्यायचं, तर हॉटेलच्या खोलीतली किटली काय वाईट? म्हणून मी एकेकट्या मालकाची, दोन-चार टेबलांची दुकानं शोधत हिंडते. सात वर्षांपासून वही ठेवली आहे, एका पानावर एक कॅफे. आजवर २१४ पानं भरली. त्यातली निम्मी तरी नकाशाच्या ॲपवर परीक्षण म्हणून टाकली आहेत.

गेल्या आठवड्यापासून मात्र डोक्यात एक किडा वळवळतोय.

संध्याकाळी सहाला बसमधून उतरले, खोलीवर सामान टाकलं आणि आधीच हेरून ठेवलेल्या एका छोट्या कॅफेत गेले. सहा टेबलं, एक मशीन, काउंटरमागे एकटी मुलगी. नेहमीप्रमाणे एस्प्रेसो मागवली. पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं. दात आंबतील इतकी आंबट, वर पातळ. तिथेच बसून दोन तारे दिले आणि खाली लिहिलं, "नुसती सजावट. काउंटरवरच्या मुलीला कॉफीतलं काही कळत नाही."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मीटिंग होती. जवळपास दुसरं काहीच उघडं नव्हतं, म्हणून नाइलाजाने पुन्हा तिथेच गेले. तीच मुलगी, तेच मशीन. आणि कॉफी अशी, की कप संपेपर्यंत मी फोनला हात लावला नाही.

आता ते दोन तारे तिथे लटकताहेत. त्या कॅफेला सगळी मिळून चाळीसेक परीक्षणं आहेत, आणि माझ्याला ११ जणांनी 'उपयुक्त' म्हटलंय! काढून टाकू, बदलू की राहू देऊ? आणि मुळात एका कपावर लिहावंच का? प्रवासात कॅफे धुंडाळणारे इथे बरेच आहेत. तुम्ही काय मागवता, काय टिपून ठेवता?


साखर_दोन | सोमवार, रात्री १०:५२

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर नंतर.


गाळणी | सोमवार, रात्री ११:२०

आंबट म्हणजे नक्की कसली आंबट? खवचटपणे विचारत नाहीये. आंबट आणि कडू यांत भल्याभल्यांची गल्लत होते, आणि आंबट-आंबटातही फरक असतो. इथिओपिया किंवा केनियाची हलकी भाजलेली बी असेल, तर तिचा आंबटपणा भाजणाऱ्याने मुद्दाम राखलेला असतो. तो फळासारखा येतो आणि मागोमाग गोडवा येतो. दुसरा प्रकार म्हणजे जिभेच्या कडांना चावणारा. त्याच्या मागे काही उरत नाही, उरलीच तर खारट झाक. म्हणजे शॉट, एका कपाची एस्प्रेसोची धार, कच्चा उतरला. पुडीतून आधी आम्लं आणि क्षार सुटतात, गोडवा नंतर, कडवटपणा सगळ्यात शेवटी. पाणी घाईने पळालं तर आधीचं तेवढं कपात येतं आणि पुढचं पुडीतच राहतं.

साधारण प्रमाण असं: १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅमच्या आसपास पेय, २५ ते ३० सेकंद, ९ बार दाब, पाणी ९० ते ९६ अंश. हे काही वेदवाक्य नाही. पण काउंटरसमोर उभं राहून मनातल्या मनात आकडे मोजले तरी पुष्कळ कळतं. पंधराव्या सेकंदाला कप भरून तुमच्यापुढे आला, तर ती आंबट का लागली हे वेगळं विचारायला नको.

वहीत फक्त चव लिहिता की सेकंदही?


पायपीट | सोमवार, रात्री ११:३१

नुसती चव. सेकंद मोजायचं कधी डोक्यातच आलं नाही. आंबट होती ती चावरीच होती. मागे काहीच उरलं नव्हतं.


पूर्वाश्रमीचा बरिस्ता | मंगळवार, सकाळी ७:०५

चार वर्षं काउंटरच्या पलीकडे होतो. आता बँकेत आहे. ग्राहक तेच, फक्त वाफ नाही.

पायपीट, तुम्ही गेलात ती वेळ बघा. सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही दळण लावून घ्यायचो. एक शॉट काढायचा, वजन बघायचं, वेळ बघायची, चाखायचा, थुंकायचा, दळण जाड-बारीक करणारी ग्राइंडरची कडी केसभर फिरवायची, पुन्हा पहिल्यापासून. कधी तिसऱ्याला जमायचं, कधी आठव्याला. लोकांना वाटतं हे एकदा जमलं की दिवसभराची निश्चिंती. तसं नसतं. दुपारी हवा बदलते, ग्राइंडर तापतो, वरच्या भांड्यातल्या बिया संपून नवी पिशवी ओतली जाते, की शॉट पळायला लागतो. सकाळी अठ्ठावीस सेकंदांत उतरणारा शॉट अठरातच संपतो.

गर्दीच्या वेळी हे लगेच ध्यानात येतं, कारण दर मिनिटाला शॉट पडत असतो. खरी गोची रिकाम्या दुकानात होते. संध्याकाळी अर्ध्या तासात कोणी आलेलं नसतं आणि एकदम कोणीतरी एस्प्रेसो मागतं. ग्राइंडरच्या नळीत मघाचं दळण साचलेलं असतं. ते आधी पाडून फेकायला हवं. एकटी मुलगी, सकाळपासून उभी. कदाचित नसेल फेकलं. कदाचित फेकलं असेल आणि तरीही दळण जाड पडलं असेल. तुम्हाला देण्याआधी तिने चाखली असती तर कळलं असतं, पण संध्याकाळच्या वेळी दिवसातला पंधरावा शॉट चाखला की रात्री छताकडे बघत पडावं लागतं. स्वानुभव.

म्हणजे तिची चूक नाही असं म्हणत नाही. कप तिच्याच हातून आला. पण "कॉफीतलं काही कळत नाही" हा निष्कर्ष त्या कपातून निघत नाही. जिला कळत नाही तिच्याकडून सकाळचा तो कप आला नसता.


साखर_दोन | मंगळवार, सकाळी ९:४८

आलो. आता विरोधी पक्ष म्हणून बोलतो, हलके घ्या.

ग्राइंडर तापला, हवा दमट झाली, पिशवी बदलली. मान्य! पण हे सगळं गिऱ्हाइकाने का समजून घ्यायचं? मी बसमधून उतरतो, दमलेला असतो, त्या गावात एकच संध्याकाळ असतो. मला एकच कप मिळणार आहे. तो वाईट निघाला तर माझ्यापुरतं ते दुकान वाईट. त्यांचा सकाळचा कप अमृत असेल, मला काय त्याचं? आणि माझं परीक्षण वाचणाराही माझ्यासारखाच एका संध्याकाळचा पाहुणा असणार. मग एका भेटीचं परीक्षण हेच त्याच्या कामाचं, नाही का? दहा वेळा जाऊन सरासरी काढणारा माणूस त्या गावचा असतो, आणि त्याला परीक्षण वाचायची गरजच नसते.

साखळीवाल्यांचं यश नेमकं इथेच आहे. ते कॉफी विकत नाहीत, 'धक्का बसणार नाही' याची हमी विकतात. मालकाच्या दुकानात ती हमी नसते. कधी लॉटरी, कधी फजिती. ज्याला हा जुगार नको त्याने तो खेळू नये. पण खेळून हरल्यावर "हरलो" म्हणायची तरी मुभा असू द्या.

आता अवांतर. कॉफीच्या दुकानांवर नाराज होणं ही लई जुनी गोष्ट आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६७५ च्या डिसेंबरात सगळी कॉफीहाउसं बंद करायचं फर्मान काढलं होतं, कारण तिथे बसून लोक सरकारची निंदानालस्ती करतात. इतका आरडाओरडा झाला की अंमल सुरू व्हायच्या आधीच फर्मान मागे घ्यावं लागलं. राजाला आपलं मत मागे घेता येतं, तर पायपीटताईंना का नाही?


गाळणी | मंगळवार, सकाळी १०:१५

साखर_दोन, पहिला परिच्छेद पटला. अनपेक्षित.

पण मग परीक्षणात तेवढंच लिहावं ना, की "संध्याकाळी साडेसहाला गेलो, एक एस्प्रेसो प्यायलो, ती आंबट होती." वाचणारा त्यातून हवं ते घेईल. "यांना कळत नाही" म्हटलं की एका संध्याकाळचं वाक्य सगळ्या दिवसांवर जाऊन बसतं.


साखर_दोन | मंगळवार, सकाळी १०:१९

हे मान्य केलं तर माझा विरोधी पक्ष बरखास्त होतो. विचार करून सांगतो.


नकाशाबाहेर | मंगळवार, दुपारी १:३०

परीक्षणं लिहीत नाही, पण वाचतो भरपूर. खरं म्हणजे वाचण्यापेक्षा बघतो जास्त. तारे सोडून द्या आणि फोटो उघडा, तेही गिऱ्हाइकांनी टाकलेले. मालकाने टाकलेल्या फोटोत प्रत्येक कपावर पान काढलेलं असतं आणि मागे उन्हाचा कवडसा. गिऱ्हाइकाचा वाकडातिकडा फोटो मोठा करून काउंटर बघायचा. वाफेच्या नळीवर दूध वाळून खपली धरलेली दिसते का? ग्राइंडरच्या वरच्या भांड्याच्या आतून तेलाचा पिवळा थर आहे का? फळीवरच्या पिशव्यांवर भाजल्याची तारीख आहे, की नुसतीच "अमुक तारखेआधी वापरा"? एवढं दिसलं की चाळीस परीक्षणं वाचायचा वेळ वाचतो.

दुसरं, तारखा बघा. छोट्या कॅफेत बरिस्ता बदलला की कॅफेच बदलतो. दोन वर्षांपूर्वीचे पाच तारे म्हणजे दुसऱ्याच कोणाला तरी मिळालेलं प्रशस्तिपत्रक.

आणि ठेवणीतली युक्ती. एखाद्या कॅफेत कॉफी आवडली, की पैसे देताना विचारतो, "तुमच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही कॉफी कुठे पिता?" आजवर एकदाच कोणी "घरी" असं उत्तर दिलं. बाकी सगळ्यांनी हातातल्या पावतीमागे पत्ता लिहून दिला. नकाशावर ठळक न दिसणारी निम्मी दुकानं मला अशीच सापडली. पुढच्या गावी जाणार असाल तर तिथलंही विचारा. बिया भाजणारे दोन-चारच असतात, त्यामुळे या लोकांची एकमेकांशी ओळख असते.

जाता जाता, पायपीट, वही टेबलावर ठेवू नका. मालकाला वही दिसली की तो दुसरा कप फुकट आणून ठेवतो, आणि मग कसलं परीक्षण!


पायपीट | मंगळवार, दुपारी २:०२

वहीचं अगदी खरं. तीनदा झालंय. त्या तिन्ही पानांवर कोपऱ्यात 'फु' लिहून ठेवलंय आणि ती कुठेच टाकलेली नाहीत.


डीकॅफवाली | मंगळवार, संध्याकाळी ५:४०

ठोके चुकतात म्हणून डॉक्टरांनी कॅफीन बंद केलंय. पाच वर्षं झाली. डीकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी, म्हटल्यावर काउंटरमागच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं, ती माझी पहिली नोंद. दुसरी म्हणजे, "आत्ता दळणार का?" या प्रश्नाचं उत्तर. बहुतेक ठिकाणी डीकॅफ कोपऱ्यातल्या डब्यात दळूनच ठेवलेली असते. महिनाभर कोणी मागितलेली नसते, आणि मग डीकॅफ म्हणजे ओला पुठ्ठा असा लौकिक होतो. जिथे तिच्यासाठी छोटा का होईना, वेगळा ग्राइंडर असतो तिथे मी डोळे मिटून पुन्हा जाते. जे गिऱ्हाईक आठवड्यातून एकदा येतं त्याचीही जो काळजी घेतो, तो रोजच्या कपात घाण करणार नाही, असा माझा हिशेब. आजवर चुकला नाही.

माहितीसाठी सांगते, कॅफीन पहिल्यांदा वेगळं काढलं रुंग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८१९ मध्ये. बिया त्याला दिल्या होत्या कवी ग्योटेने. मला कधी कधी वाटतं, आमच्या जमातीचे मूळपुरुष हेच दोघं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डीकॅफ बाजारात आली तेव्हा कॅफीन काढायला बेंझीन वापरत. आज ते कोणी वापरत नाही. हल्ली पाण्याने, कार्बन डायऑक्साइडने किंवा इथाइल ॲसिटेटने काढतात. कुठल्या पद्धतीची आहे हे पिशवीवर लिहिलेलं असेल तर परीक्षणात जरूर लिहा. आमच्यासारखे लोक तेवढ्याच ओळीसाठी शोधत येतात. आणि डीकॅफ म्हणजे शून्य कॅफीन नव्हे, थोडं उरतंच. हे सांगणारा बरिस्ता भेटला की मी त्याला मनातल्या मनात एक तारा जास्त देते.


गुडघेदुखी | मंगळवार, रात्री ८:१५

सगळं वाचलं. छान चर्चा. कोणीच पायऱ्यांबद्दल बोललेलं नाही.


पायपीट | मंगळवार, रात्री ८:२१

म्हणजे?


गुडघेदुखी | मंगळवार, रात्री ८:५०

म्हणजे दाराशी पायऱ्या किती, कठडा आहे का, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे की अरुंद जिन्याने खाली तळघरात. खुर्ची आहे की पाय लोंबकळत ठेवायचं उंच स्टूल. या एकेकट्या दुकानांना जुनी, स्वस्तातली जागा घ्यावी लागते, त्यामुळे पोटमाळे आणि जिने फार. परीक्षणात लोक लिहितात "जागा गोंडस आहे." गोंडस म्हणजे माझ्यासाठी धोक्याची घंटा. दोनदा दारातून परत फिरलोय, कॉफीची चव कशी होती ते देवाला ठाऊक.

सॉकेट किती हे सगळे लिहितात. पायऱ्या कोणी लिहीत नाही.


डीकॅफवाली | मंगळवार, रात्री ८:५५

+१. सहा वर्षं परीक्षणं लिहितेय, हे एकदाही सुचलं नाही.


गाळणी | मंगळवार, रात्री ९:४०

पाण्याबद्दलही लिहायचं राहिलं. प्रवासात याचाच घोळ जास्त होतो. घरी आवडलेली बीन्सची पिशवी बरोबर नेली आणि परगावच्या नळाच्या पाण्यात केली, तर कॉफी ओळखू येत नाही. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असलं की ते आम्ल मारून टाकतं, आणि केनियाची झणझणीत कॉफीही खडूसारखी लागते. कॅल्शियम-मॅग्नेशियम अगदीच नसलं तरी कॉफी पोकळ लागते. म्हणून चांगली दुकानं पाणी गाळून, क्षार कमी-जास्त करून वापरतात. विचारलं तर अभिमानाने दाखवतातही. थंड हवेच्या ठिकाणी आणखी एक भानगड. समुद्रसपाटीपासून २००० मीटरवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं. एस्प्रेसो मशीनचा बॉयलर दाबाखाली असतो, त्यामुळे त्याचं फारसं अडत नाही. पण किटलीतून ओतून केलेल्या कॉफीला वरची मर्यादा तिथेच पडते.

आणि परीक्षणात "क्रेमा मस्त होता" असं लिहिणाऱ्यांनो, थोडं थांबा. तो तांबूस फेस म्हणजे मुख्यतः बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड. बी नुकतीच भाजलेली असेल तर फेस जास्त येतो, रोबस्टा जातीची बी मिसळलेली असेल तरी जास्त येतो. फेस दाट म्हणजे कॉफी चांगली, असा अर्थ होत नाही. इटलीतल्या मोरिओन्दोचं १८८४ चं कॉफीयंत्र काय किंवा बेझ्झेराचं १९०१ चं काय, सगळा जोर वाफेचा. तेव्हा असा फेस नव्हताच. तो आला १९४८ च्या सुमारास गाज्जियाच्या दांड्याच्या मशीनबरोबर, दाब वाढल्यामुळे. आधीची दोन पिढ्या माणसं फेसाशिवाय एस्प्रेसो पीतच होती की.

पायपीट, एक राहिलं. त्या संध्याकाळी कॉफीच्या आधी काय खाल्लं-प्यायलं होतं?


पायपीट | मंगळवार, रात्री १०:०३

काहीच नाही. बसमध्ये मला मळमळतं म्हणून मी खात नाही.


पायपीट | मंगळवार, रात्री १०:०६

थांबा.

पुदिन्याच्या गोळ्या. घाटात एकामागून एक चघळत होते. शेवटची कॅफेच्या दारात तोंडातून काढून कागदात गुंडाळली. पर्समध्ये अजून तो कागद आहे.


गाळणी | मंगळवार, रात्री १०:०८

अरे देवा.


साखर_दोन | मंगळवार, रात्री १०:०९

आरोपी बदलला.


पूर्वाश्रमीचा बरिस्ता | मंगळवार, रात्री १०:३०

लगेच निकाल लावू नका. मेंथॉल जिभेवरच्या गार कळणाऱ्या नसा चाळवतं, त्याच्या जोडीला पुदिन्याचा वास घशात बसलेला असतो. अशा तोंडाने कॉफीचा नीट निवाडा होत नाही हे खरं. पण "पातळ" ही तक्रार गोळीने येत नाही. शॉट पळालाही असेल आणि गोळीही असेल. दोन्हींतलं कुठलं किती, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

चाखायला बसायच्या आधी पाणी पिऊन दोन मिनिटं थांबा. दात घासून लगेच कॉफी पिऊ नका. उकळती असताना मत बनवू नका, जरा कोमट होऊ द्या. गरमपणात दोष लपतात आणि गुणही. एस्प्रेसो एका घोटात मारायची सवय असेल तर मधला घोट थांबून घ्या.

पण मला बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीवर. तुम्ही तिला सांगितलंत का? म्हणजे तिथेच, कप पुढे सरकवून, "ही आंबट लागतेय" असं? नसणारच. कोणीच सांगत नाही. चार वर्षांत मला तोंडावर सांगणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीचे कप अर्धा सोडून, "छान होती हं" म्हणून जायचे आणि रात्री दोन तारे उगवायचे. सांगितलं असतंत तर तिने एक घोट चाखला असता, कडी फिरवली असती आणि तीन मिनिटांत दुसरा कप आणून दिला असता. यात कोणाचा अपमान नाही. सांगूनही दुकानवाला खेकसला, तर ते मात्र खुशाल लिहा, ठळक अक्षरांत लिहा.

माझ्याबद्दल एकदा कोणीतरी लिहिलं, "उंच, चष्मेवाला बरिस्ता उद्धट आहे, उत्तर देत नाही." उंच आणि चष्मेवाला तिथे मी एकटाच. वाफेची नळी चालू असताना मागून कोणी बोललं तर ऐकू येत नाही, एवढीच काय ती गोष्ट. मालकाने ते परीक्षण छापून आमच्या भांडी घासायच्या जागेवर चिकटवलं. आठ महिने रोज कप विसळताना मी ते वाचत होतो. मोठ्या दुकानात "कर्मचारी" म्हटलं तर वीस जणांत वाटलं जातं. सहा टेबलांच्या दुकानात "काउंटरवरची मुलगी" म्हणजे तिचं नाव लिहिल्यासारखंच आहे, पायपीट.


साखर_दोन | मंगळवार, रात्री १०:४४

विरोधी पक्ष बरखास्त. एक दुरुस्ती सुचवून जातो. एका भेटीवर लिहायला माझी हरकत नाही, आजही नाही. पण आपण किती वाजता गेलो, काय प्यायलो आणि आपल्या तोंडात काय होतं, हे लिहावं. शेवटचं मी पूर्वी कधीच लिहिलं नसतं.


नकाशाबाहेर | बुधवार, सकाळी ८:१०

काढून मात्र टाकू नका, बदला. काढलंत तर संध्याकाळची माहितीही जाईल, आणि ती खोटी नव्हती.


पायपीट | बुधवार, रात्री ९:२५

बदललं. ते ११ 'उपयुक्त' नव्या मजकुरालाही तसेच चिकटून राहिलेत, त्याला इलाज नाही. आता असं आहे:

"दोन भेटी. पहिली, आडवारी संध्याकाळी साडेसहा, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. एस्प्रेसो आंबट आणि पातळ लागली. त्याआधी मी पुदिन्याच्या गोळ्या चघळत होते, त्यामुळे आंबटपणाबद्दल खात्री देत नाही. पातळ नक्की होती. दुकानात सांगितलं नाही, सांगायला हवं होतं. दुसरी भेट, दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठ. तीच एस्प्रेसो, दाट, गरम कपात, कोमट झाल्यावर मनुकांसारखी गोड. पिशवीवर भाजल्याची तारीख आहे, मी गेले तेव्हा नऊ दिवस झाले होते. डीकॅफ आहे, मागितल्यावर दळतात. सहा टेबलं, साध्या उंचीच्या खुर्च्या, सॉकेट दोन, दोन्ही भिंतीकडे."

डीकॅफचं फोन करून विचारलं. फोन तिनेच उचलला असावा. मी कोण ते सांगितलं नाही. धीर झाला नाही.


डीकॅफवाली | बुधवार, रात्री ९:३१

डीकॅफच्या ओळीबद्दल आभार!


साखर_दोन | बुधवार, रात्री ९:३३

तारे?


पायपीट | बुधवार, रात्री ९:३४

तीन.


साखर_दोन | बुधवार, रात्री ९:३५

एवढं रामायण होऊन तीनच? चार तरी द्यायचे.


पायपीट | बुधवार, रात्री ९:३७

संध्याकाळचा कपही मीच प्यायले होते ना.


गुडघेदुखी | बुधवार, रात्री ९:५०

पायऱ्या?


पायपीट | बुधवार, रात्री ९:५२

दोन. कठडा नाही. टाकते.